शिवी ज्याला दिली, त्याची चिठ्ठी

आमच्या ऑफिसात सगळ्यांत अभिमानानं लिहिले जाणारे दोन शब्द होते: ‘उगम अज्ञात’. यात अभिमान वाटण्यासारखं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. वैद्यानं नाडी धरून ‘काही कळत नाही बुवा’ म्हटलं, तर आपण दुसरा वैद्य गाठू. पण शब्दकोशाच्या धंद्यात ठोकून देणारे इतके झालेत, की ‘आम्हांला ठाऊक नाही’ असं छापायला छाती लागते.

हॅमिल्टनमधल्या एका जुन्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये आमचा कोश तयार होई. कॅनडात बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीचा. मी नागपूरची, कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, नवऱ्याच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीमुळे इथं आले आणि प्रूफं तपासायला म्हणून त्या बेसमेंटमध्ये शिरले ती निवृत्त होऊनच वर आले. शेवटची दहाएक वर्षं माझ्याकडे सैनिकांचे शब्द होते. म्हणजे सैनिक जे शब्द वापरतात ते, आणि त्याहून जास्त, लोक सैनिकांना ज्या नावांनी हाका मारतात ते. मार्गारेट आमची मुख्य संपादक. वडील स्कॉटलंडचे, स्वभावही तिकडचाच. ते टेबल माझ्याकडे देताना ती म्हणाली, “सुनंदा, या देशाच्या लढायांत तुझं कोणी मेलेलं नाही. तू कोणाची बाजू घेणार नाहीस.”

मी ते कौतुक समजले.

काम सोपं आहे, फक्त संपत नाही. कुठंही एखादा शब्द छापलेला दिसला की ते वाक्य, ठिकाण आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहायची आणि ती शब्दाच्या पेटीत टाकायची. कॉम्प्युटर आले तरी आमच्या पेट्या गेल्या नाहीत. सगळ्यांत जुन्या चिठ्ठीची तारीख हे त्या शब्दाचं वय. शाळेच्या दाखल्यासारखंच, पोर आधी जन्मलेलं असू शकतं, पण कागद म्हणेल ते खरं. चिठ्ठ्या पुरेशा जमल्या की त्या टेबलावर पत्त्यांसारख्या मांडायच्या आणि त्या काय सांगतात ते कमीत कमी शब्दांत लिहायचं. आपलं मत लिहायचं नाही. कोणी विचारलेलंही नसतं.

या टेबलावर बसून एक गोष्ट लक्षात आली. सैनिकाला कुठलीच भाषा पूर्ण माणूस म्हणत नाही. इंग्रजीत पायदळाला ‘इन्फन्ट्री’ म्हणतात, त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं पोर आहे. आपण ‘जवान’ म्हणतो, म्हणजे तरुण पोरगाच. पोर्तुगीजांचा पायी लढणारा ‘पिआँव’ हिंदुस्थानात येऊन ‘प्यून’ झाला. आणि फारसीतला रुबाबदार ‘सिपाही’ आपल्याकडे शिपाई झाला. आज दोघंही एकाच ऑफिसात स्टुलावर बसून बेल वाजायची वाट पाहतात. लढाई संपली की समाज सैनिकाला चहा आणायला पाठवतो, हे मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा या चिठ्ठ्यांनी जास्त स्वच्छ शिकवलं.

ब्रिटिश सैनिकाला ‘टॉमी’ का म्हणतात, याची एक हृदयद्रावक कथा आहे. रणांगणावर शेवटचा श्वास घेणारा एक शूर शिपाई, त्याच्यावर वाकलेला सेनापती, वगैरे. पुरावा मात्र असा, की लष्कराच्या छापील फॉर्मवर नमुन्यादाखल एक नाव टाकलेलं होतं, ते टॉमस. फॉर्म कसा भरावा हे दाखवायला. म्हणजे एका साम्राज्याच्या सगळ्या सैन्याचं नाव एका कारकुनाच्या डोक्यातून आलं. आपल्याकडे ते पुढं कुत्र्यांना मिळालं, हा वेगळा न्याय. अमेरिकन सैनिकाला पहिल्या महायुद्धात ‘डोबॉय’ म्हणत. त्याच्या उगमाच्या चार-पाच कहाण्या आहेत. कोणी म्हणतं कोटाची बटणं कणकेच्या गोळ्यांसारखी, कोणी म्हणतं अंगावर पिठासारखी धूळ. ज्या शब्दाच्या उगमाच्या पाच कहाण्या असतात, त्याला उगम नसतो, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

हा नियम लोकांना आवडत नाही. नौदलातून निवृत्त झालेले एक कमांडरसाहेब दर वर्षी नोव्हेंबरात फोन करत. नौदलवाले भूदलाच्या सैनिकाला ‘पाँगो’ म्हणतात. इंग्रजीत ‘पाँग’ म्हणजे दुर्गंधी. तेव्हा जिथं भूदल जातं तिथं दुर्गंधी जाते, म्हणून पाँगो, असं साहेबांचं म्हणणं.

“सर, हा शब्द आधी मोठ्या वानरासाठी होता,” मी सांगायची. “तशा जुन्या चिठ्ठ्या आहेत.”

“मॅडम, मी तीस वर्षं जहाजावर काढलीत.”

“वानर त्याच्याही आधीचं आहे, सर.”

यावर ते फोन ठेवत आणि पुढच्या वर्षी तीच गोष्ट पुन्हा सांगत. त्यांच्या आवाजातला आनंद जराही कमी झालेला नसे. विनोदातून जन्मलेला शब्द लोकांना हवा असतो. शब्द मात्र बहुतेक वेळा आळसातून जन्मतात.

हे सगळं मी एकदा आमच्या मंडळात, शिवजयंतीच्या कार्यक्रमात सांगितलं. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना ‘जागतिक कीर्तीच्या’ असं म्हटलं. मंडळात पाहुण्याला एवढं म्हणायची पद्धतच आहे. त्या आधीच्या महिन्यात पौरोहित्य करणारे गुरुजीही जागतिक कीर्तीचे होते. मी शिलेदार आणि बारगीर समजावून सांगितले. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. घोड्यांच्या टापा, भगवा झेंडा, सगळं आलं. टाळ्याही आल्या. भाषण संपल्यावर माझी शेजारीण, डॉक्टर दत्त, बटाटेवड्याची प्लेट घेऊन जवळ आल्या. त्या कलकत्त्याच्या. मीच त्यांना आग्रहानं आणलं होतं.

“भाभीजी, बहुत अच्छा बोला आपने,” त्या म्हणाल्या. “लेकिन वो जो आपका बारगीर है ना, हमारे यहाँ वो बर्गी है. उसका नाम लेके बच्चों को सुलाते हैं. सो जाओ, नहीं तो बर्गी आ जाएगा.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत, रागावलेल्याही नव्हत्या. वडा खात होत्या.

“नागपुर से लूटने आते थे,” त्या म्हणाल्या. “आप भी नागपुर की हैं ना?”

घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, “अगं, भाषण तर मस्त झालं.” मी म्हटलं, “हो. बारगिराच्या बाजूनं झालं.” त्याला कळलं नाही. मलाही तेव्हा अर्धंच कळलं होतं.

उरलेलं अर्धं मार्चमध्ये कळलं, फोनवर.

कंदहारमध्ये कॅनडाचं सैन्य होतं त्या वर्षांतली ही गोष्ट. फोनवर तरुण मुलीचा आवाज होता. तिचं नाव लिसा. इथल्याच राखीव पलटणीत होती, पुढच्या जानेवारीत तिची तुकडी अफगाणिस्तानला जाणार होती.

“मला फक्त एक विचारायचंय,” ती म्हणाली. “तुमच्या कोशात ‘झॉम्बी’ शब्दाचा दुसरा अर्थ आहे. तो कोणी लिहिला?”

हा शब्द आज चालत्या प्रेतांसाठी सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात त्याला आणखी एक अर्थ चिकटला. सरकारनं काही तरुणांना सक्तीनं सैन्यात घेतलं, पण परदेशी लढायला पाठवणार नाही, देशातच पहारा देतील, असं आश्वासन दिलं. परदेशी जायला स्वतःहून तयार झालेल्यांच्या बाहीवर वेगळं चिन्ह असे. ज्यांच्या बाहीवर ते नसे, त्यांना रस्त्यात, आगगाडीत, नाचाच्या हॉलमध्ये लोक ‘झॉम्बी’ म्हणत. जिवंत आहेत पण आत जीव नाही, असे.

कोशातली व्याख्या अशी होती: ‘दुसऱ्या महायुद्धात परदेशी लढण्यास नकार देणारा भित्रा सक्तीचा सैनिक.’

“मी लिहिलाय,” मी म्हटलं.

मग ती म्हणाली, “मी बारा वर्षांची होते. होमवर्क करत होते. किचन टेबलवर बसून मी तो अर्थ मोठ्यानं वाचला आणि आजोबांना विचारलं, ग्रँडपा, तू युद्धात होतास ना, तुला असे लोक भेटले होते का? तो उठून बाहेर गेला. आजी म्हणाली, ते पुस्तक मिट. तोही त्यांच्यातलाच, हे आमच्या घरात तोपर्यंत आजीशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.”

तिचं मागणं काय, ते तिनं अगदी सरळ सांगितलं. अकरा नोव्हेंबरला शहरातल्या स्मारकापाशी युद्धात गेलेल्यांची आठवण करतात, तेव्हा जुन्या सैनिकांची एक रांग असते. कंदहारला जाण्याआधी तिला आजोबांना त्या रांगेत बघायचं होतं. ते साठ वर्षांत एकदाही गेले नव्हते. तिनं विचारलं की म्हणत, “ती रांग माझी नाही. तुझ्या पुस्तकात दिलंय.”

“ते पुस्तक माझं नाही, तुमचं आहे,” ती मला म्हणाली. “प्लीज, त्याला भेटा.”

फोन ठेवून मी ‘झॉम्बी’ची पेटी काढली. त्या अर्थाच्या चौदा चिठ्ठ्या होत्या. वर्तमानपत्रांचे अग्रलेख, भाषणं, स्वतःहून गेलेल्या सैनिकांच्या आठवणी, युद्धात मुलगा गमावलेल्या एका आईचं संपादकाला पत्र. सगळ्या खऱ्या, सगळ्या तारखेसह. मी त्या प्रामाणिकपणे मांडल्या होत्या आणि त्या जे म्हणत होत्या तेच लिहिलं होतं. आता पुन्हा मांडल्या. चौदाच्या चौदा शिवी देणाऱ्यांच्या होत्या. ज्याला शिवी दिली, त्याची एकही नव्हती. ती असणार तरी कशी? आम्ही छापलेलं वाचायचो, आणि शिवी खाणारा माणूस अग्रलेख लिहीत नाही.

हा दोष दिसायला मला एका बंगाली बाईचा बटाटेवडा लागला होता.

स्टीव्ह, लिसाचे आजोबा, कारखान्यांच्या धुरांड्यांजवळच्या एका छोट्या घरात एकटे राहत. पंचाऐंशीच्या पुढं वय, हात फावड्यासारखे. खिडकीत टोमॅटोची रोपं डब्यांत लावलेली. त्यांनी पाकिटातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. आमच्याच कोशाच्या त्या पानाची झेरॉक्स.

“काढून टाका,” ते म्हणाले.

“शब्द काढता येत नाही. तो होता.”

“मी मेल्यावर काढाल?”

“तेव्हाही नाही.”

“मग तुमचा उपयोग काय, लेडी?”

प्रश्न रास्त होता. मी चहा प्यायले. मग विचारलं, की तुम्ही स्वतःहून का नाही गेलात? साठ वर्षांत हा प्रश्न त्यांना रागानं पुष्कळांनी विचारला असेल. साधेपणानं बहुधा कोणी विचारला नसावा, कारण ते जरा गडबडले.

त्यांचे वडील युक्रेनहून आलेले. पहिल्या महायुद्धात त्यांचं गाव शत्रूच्या साम्राज्यात मोडत होतं, म्हणून कॅनडानं त्यांना शत्रूचा माणूस ठरवून काटेरी तारांच्या आत ठेवलं आणि रस्ते बांधायला लावलं. दुसरं युद्ध आलं तेव्हा बाप मुलाला म्हणाला: यांनी हुकूम दिला तर जा. जिथं पाठवतील तिथं जा. पण स्वतःहून हात वर करू नकोस. मला आत टाकताना यांनी माझी इच्छा विचारली नव्हती, आता तुझी विचारतायत.

“म्हणून मी हात वर केला नाही,” स्टीव्ह म्हणाले. “वर्षभर आम्हांला रोज उभं करून विचारायचे. रोज. सार्जंट ओरडायचा, कोण कोण तयार? मी म्हणायचो, हुकूम द्या, जातो. तो म्हणायचा, हुकूम नाही, स्वतःहून. मी म्हणायचो, मग नाही.”

“आणि शेवटपर्यंत इथंच राहिलात?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी फारच अडाणी आहे.

“इथं? मी हॉलंडमध्ये होतो. शेवटच्या हिवाळ्यात हुकूम आला. गेलो.”

मी कप खाली ठेवला. इतिहास मला माहीत होता. युद्धाच्या शेवटी माणसं कमी पडली तेव्हा सरकारनं आपलंच आश्वासन मोडून यांच्यातल्या काहींना आघाडीवर पाठवलं होतं. माहीत होता, पण चौदा चिठ्ठ्यांत नव्हता, म्हणून व्याख्येत आला नव्हता. लढायला नकार देणारा, असं मी ज्याच्याबद्दल लिहिलं होतं, तो लढून आला होता.

“मला तुमच्या गोष्टीवरून काही बदलता येणार नाही,” मी म्हटलं. “कागद लागतो. तारखेचा. त्यात तो शब्द हवा.”

“वर्तमानपत्रात आम्ही कधी नव्हतो.”

“घरी पत्रं लिहायचात?”

ते उठून आत गेले. बऱ्याच वेळानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. बापानं सगळी पत्रं ठेवली होती. युक्रेनियन भाषेत, त्यांच्या लिपीत, गच्च लिहिलेली. मला एक अक्षर वाचता येईना. पण त्या अनोळखी लिपीच्या मध्ये, इंग्रजी अक्षरांत, जागोजागी एकच शब्द उभा होता. वाळूत पडलेल्या खिळ्यांसारखा दिसला.

मी यादी करून पत्रं घेऊन आले. युक्रेनियन चर्चमधल्या एका निवृत्त शिक्षिकेनं भाषांतर करून दिलं. एका पत्रात होतं: ‘गावात गेलो की पोरं आमच्यामागं झॉम्बी झॉम्बी ओरडत येतात. म्हणून आम्ही आमच्या हॉकी टीमचं नावच झॉम्बी ठेवलंय. उद्या मॅच आहे. मी गोलकीपर आहे.’ आणि हॉलंडमधून आलेल्या शेवटच्या पत्रांपैकी एकात: ‘सार्जंटनं विचारलं, तू झॉम्बी का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, इथं झॉम्बी आणि बाकीचे यांच्यात फरक उरलेला नाही, कारण बाकीचे फारसे उरलेले नाहीत.’

हे मी मार्गारेटपुढं ठेवलं. नव्या आवृत्तीची पानं सप्टेंबरात छपाईसाठी बंद होणार होती. तिनं भाषांतर वाचलं आणि चष्मा काढला.

“आपण दुःखावर व्याख्या लिहीत नाही,” ती म्हणाली. “दुःखी माणसं रोज फोन करतात.”

“हा पुरावा आहे. तारीख आहे, सेन्सॉरचा शिक्का आहे.”

“युक्रेनियन आहे. आपला कोश इंग्रजीचा.”

“मार्गारेट, आमच्या घरी रोज सकाळी ‘ड्राइव्हवे शोव्हल केला का?’ हा प्रश्न मराठीत विचारला जातो. कॅनडात बर्फ काढण्याला काय म्हणतात यावर माझ्या नवऱ्याची साक्ष तू बाद करशील?”

“तुझा नवरा शोव्हल करतो?”

“करत नाही. म्हणून तर रोज विचारावं लागतं.”

ती हसली नाही. खिडकीकडे पाहत राहिली. बेसमेंटची खिडकी, बाहेर फक्त लोकांचे बूट दिसत.

“माझे वडील स्वतःहून गेले होते,” ती म्हणाली. “इटलीत आहेत, पुरलेले. मी दोन वर्षांची होते. आई हा शब्द आयुष्यभर वापरायची. त्या चौदा चिठ्ठ्यांतल्या तीन मी लिहिल्यात.”

इतकी वर्षं तिच्याबरोबर काम करून मला हे माहीत नव्हतं. तूच म्हणाली होतीस की मी कोणाची बाजू घेणार नाही, हे ओठांवर आलं होतं. पण मला तेव्हा तेही खात्रीनं म्हणता आलं नसतं. मी पत्रं तिच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेले.

दोन दिवस त्या पेटीचा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर जुन्या व्याख्येचा कागद होता. ‘भित्रा’ हा शब्द पेन्सिलनं खोडलेला होता. मार्गारेटची पेन्सिल मी ओळखते, ती फार दाबून लिहिते. खाली तिनं लिहिलं होतं: ‘हे विशेषण पुराव्यात नाही, रागात आहे. बाकीचं तू पुन्हा लिही. हॉकीचं वाक्य उदाहरण म्हणून घे.’ समोरच्या खोलीत ती प्रूफं तपासत होती. मी दारात उभी राहिले, तर मान वर न करता म्हणाली, “गोलकीपर होता म्हणजे मार खायची सवय असणार.”

नवी नोंद अशी झाली: ‘दुसऱ्या महायुद्धात केवळ देशाच्या संरक्षणासाठी सक्तीने भरती केलेला सैनिक, तुच्छतेने, पण त्या सैनिकांकडून स्वतःबद्दल गमतीनेही. यांपैकी काहींना युद्धाच्या अखेरीस परदेशी आघाडीवर पाठवण्यात आले.’ आईचं पत्र आणि दोन अग्रलेख तसेच ठेवले. शिवी शिवीच होती. ती गोड करून लिहिणं म्हणजे कमांडरसाहेबांच्या रांगेत जाऊन बसणं.

मी प्रूफ घेऊन स्टीव्हकडे गेले. त्यांनी भिंग लावून दोनदा वाचलं.

“अजून आहेच इथं,” ते म्हणाले.

“आहे.”

“गोलकीपर लिहिलंत. चांगला होतो, तेही लिहायचं.”

“त्याला पुरावा लागेल.”

ते पहिल्यांदा हसले. मी अकरा नोव्हेंबरबद्दल विचारलं, तर टोमॅटो कसे आले ते सांगायला लागले.

अकरा नोव्हेंबरला सकाळी कडक थंडी होती. लिसाला तिच्या तुकडीबरोबर चालत यायचं होतं, म्हणून स्टीव्हना आणायचं काम तिनं माझ्यावर टाकलं होतं. मी दारात गाडी उभी केली तेव्हा ते येतील याची मला खात्री नव्हती. ते तपकिरी कोट घालून, टाय बांधून पायरीवर उभे होते. छातीवर काही नव्हतं. पदकं त्यांनी कधी मागवलीच नव्हती.

मला असले सोहळे सोसत नाहीत. महापौरांच्या गळ्यातली साखळी, टोप्यांवरचे तुरे, युद्धात न गेलेल्यांची लांब भाषणं. कार्यक्रम मात्र घड्याळाला बांधलेला. अकराच्या जरा आधी बिगुल, बरोबर अकराला दोन मिनिटं शांतता. एक अधिकारी हातातल्या घड्याळावरून नजर काढत नव्हता.

जुन्या सैनिकांची रांग स्मारकाच्या उजवीकडे होती. वीस-पंचवीस म्हातारे, काठ्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या. स्टीव्ह दोरीच्या अलीकडे, गर्दीत थांबले.

“इथून दिसतं,” ते म्हणाले.

“लिसाला तुम्ही दिसणार नाही.”

ते हलेनात. माझ्या दंडावरची त्यांची पकड घट्ट होत गेली. मी ओढलं नाही. मला वाटलं, आता काही होत नाही. नोंद बदलली, माणूस तिथंच राहिला. कोश कोणी वाचत नाही हे मला या धंद्यात पहिल्याच वर्षी कळलं होतं.

तेवढ्यात रांगेच्या टोकाला वॉकर धरून उभा असलेला एक म्हातारा वळला. छातीवर पदकांची ओळ, नाक थंडीनं लाल. त्यानं स्टीव्हकडे खालून वर पाहिलं.

“तूही होतास का?”

“हॉलंड,” स्टीव्ह म्हणाले.

“मीही. मग तिथं काय करतोयस?”

स्टीव्हनी माझा दंड सोडला. सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “मी झॉम्बी होतो.”

रांगेतली तीन-चार डोकी वळली. म्हाताऱ्यानं बराच वेळ विचार केला. साठ वर्षांपूर्वी त्यानंही हा शब्द कोणाच्या तरी तोंडावर फेकला असेल.

“म्हणजे तू उशिरा आलास,” तो शेवटी म्हणाला.

“हुकूम उशिरा आला.”

“बरं. आता तरी ये.” आणि तो शेजाऱ्याकडे वळून खेकसला, “सरका रे. जागा करा.”

मी दोरी वर धरली, स्टीव्ह खालून वाकून पलीकडे गेले. रांग सरकायला लागली. काठी उचला, वॉकर फिरवा, खुर्चीचा ब्रेक काढा, पुन्हा लावा. एकानं सरकायचं, मग पुढच्यानं. घड्याळवाल्या अधिकाऱ्यानं हात वर केला आणि तो तसाच राहिला. समोर लिसाची तुकडी ताठ उभी होती. मान वळवायची परवानगी नव्हती, आणि तिनं ती वळवली. बिगुलवाल्यानं ओठांशी नेलेला बिगुल पुन्हा खाली घेतला आणि शेवटची खुर्ची जागेवर बसेपर्यंत थांबला. त्या वर्षी आमच्या शहरात शांतता अकरा वाजून एक मिनिटानं सुरू झाली.